सीई मार्क विकत मिळत नाही: कंट्रोल पॅनेल, ईएमसी आणि तुमची सही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरीत तुमचं लहान युनिट आहे आणि जलशुद्धीकरणासाठी लागणाऱ्या डोसिंग पंपांचं कंट्रोल पॅनेल तुम्ही बनवता. पॅनेल २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालतं. आत ०.७५ किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय), दोन-तीन कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारे मोठे स्विच) आणि तुमचं स्वतःचं मायक्रोकंट्रोलर कार्ड आहे. जर्मनीतल्या ग्राहकाने सीई मार्क (वस्तू युरोपीय संघाच्या नियमांत बसते, ही उत्पादकाची खूण) आणि ईएमसीचे, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगततेचे, कागद मागितलेत. एक सल्लागार आठवडाभरात ‘सीई प्रमाणपत्र’ काढून देतो म्हणतोय. शिवाय आतला विकतचा प्रत्येक भाग सीईचाच आहे, मग पूर्ण पॅनेलची वेगळी चाचणी कशाला, असं तुम्ही विचारलंय.

थेट उत्तर देतो. ते प्रमाणपत्र घेऊ नका. ईएमसीसाठी सीई मार्क कुणी बहाल करत नाही. उत्पादक तो स्वतः, स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. तुमच्या पॅनेलची चाचणी करून घ्यावी लागेल आणि त्याचं मुख्य कारण तुमचं ते कार्ड आहे. पण चाचणीपेक्षा मोठं काम पॅनेलच्या आत आहे, म्हणून या उत्तराचा बराच भाग तिथेच जाईल.

ज्या कायद्याची ही मागणी आहे तो युरोपीय संघाचा ईएमसी निर्देश, २०१४/३०/ईयू. तो २० एप्रिल २०१६ पासून लागू आहे. त्याआधी २००४/१०८/ईसी होता आणि त्याच्याही आधी ८९/३३६/ईईसी, ज्याचं पालन १ जानेवारी १९९६ पासून सक्तीचं झालं. म्हणजे तुमचा ग्राहक काही नवीन मागत नाही. निर्देशाच्या मूळ अपेक्षा दोनच आहेत. तुमच्या उपकरणातून बाहेर पडणारा विद्युतचुंबकीय गोंगाट इतका नसावा की रेडिओ, दूरसंचार किंवा शेजारचं दुसरं उपकरण बिघडेल. आणि वापराच्या ठिकाणी जो गोंगाट असणारच आहे, तो सोसून तुमचं उपकरण नीट चाललं पाहिजे. पहिलीला उत्सर्जन म्हणतात, दुसरीला प्रतिरोध. आपल्याकडे उत्सर्जनाचीच चर्चा जास्त होते. डोसिंगच्या पॅनेलमध्ये मला प्रतिरोधाची काळजी जास्त वाटते, कारण शेजारचा मोठा कॉन्टॅक्टर सुटल्यावर तुमचं कार्ड भलत्या स्थितीत अडकलं, तर पाण्यात क्लोरीन किती जाईल याचा भरवसा उरत नाही.

हे पालन दाखवायचे मार्गही दोन. पहिल्यात उत्पादक स्वतः मूल्यमापन करतो, तांत्रिक फाइल तयार करतो, घोषणापत्रावर सही करतो आणि मार्क लावतो. याला मॉड्यूल ए म्हणतात. दुसऱ्यात अधिसूचित संस्था, म्हणजे नोटिफाइड बॉडी, तुमच्या नमुन्याची तांत्रिक कागदपत्रं तपासून प्रकार-तपासणीचं प्रमाणपत्र देते. ईएमसीत हा दुसरा मार्ग पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि तुमच्यासारख्या पॅनेलला त्याची गरज नाही. तो घेतला तरी सही आणि जबाबदारी उत्पादकाचीच राहते.

यातून सल्लागाराचा कागद ओळखायची एक सोपी खूण मिळते. केवळ ईएमसी निर्देशाखाली सीईच्या शेजारी चार अंकी क्रमांक येत नाही, कारण या निर्देशात अधिसूचित संस्था उत्पादनाच्या टप्प्यावर देखरेख करत नाही. तुमच्या पॅनेलसाठी कुणी ‘सीईसोबत आमचा नंबर छापा’ म्हणालं, तर त्याला विषय कळलेला नाही किंवा तो तुम्हाला फसवतोय. अधिसूचित संस्थांची यादी युरोपीय आयोगाच्या ‘नॅन्डो’ या डेटाबेसमध्ये सगळ्यांना खुली आहे. संस्थेचं नाव त्यात आहे का आणि असल्यास ती कोणत्या निर्देशासाठी अधिसूचित आहे, हे दोन्ही तपासा. एखादी संस्था लिफ्टसाठी अधिसूचित असेल, म्हणून तिचा ईएमसीचा कागद ग्राह्य होत नाही. चाचणीचा एक आकडा नसलेल्या, सोनेरी किनारीच्या अशा प्रमाणपत्रांवर पैसे घालवलेले लघुउद्योजक मी बरेच पाहिले आहेत. माल अडला की तो कागद कुणी विचारात घेत नाही. विचारलं जातं घोषणापत्र आणि त्यामागची फाइल.

आता ‘सगळे भाग सीईचे आहेत’ या मुद्द्याकडे येऊ. सीईचे भाग एकत्र जोडले की पूर्ण वस्तू आपोआप पात्र ठरते, असं निर्देशात कुठेही नाही. पण तुमच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. लो व्होल्टेज स्विचगिअर असेंब्लीच्या ईएन ६१४३९-१ या मानकात ईएमसीचं एक परिशिष्ट आहे. आतली उपकरणं त्या-त्या वातावरणासाठीच्या ईएमसी मानकांत बसत असतील आणि त्यांची जोडणी त्यांच्या उत्पादकांच्या सूचनेप्रमाणे केली असेल, तर पूर्ण पॅनेलची ईएमसी चाचणी लागत नाही, असं ते सांगतं. नुसते एमसीबी, कॉन्टॅक्टर, रिले आणि तयार पीएलसी (औद्योगिक कंट्रोलर) असलेल्या पॅनेलला हा रस्ता प्रामाणिकपणे वापरता येतो. तुमच्या पॅनेलमध्ये मात्र स्वतः बनवलेलं कार्ड आहे आणि त्याच्यावर कोणतीच चाचणी झालेली नाही. त्यामुळे हा रस्ता तुम्हाला बंद आहे.

‘उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे’ या शब्दांकडेही नीट बघा. तुमच्या ड्राइव्हचं मॅन्युअल उघडा. त्याचा सीई बहुधा ईएन ६१८००-३ या मानकातल्या एका विशिष्ट वर्गासाठी असेल, सी२ किंवा सी३. त्यापुढे अटी असतील: अमुक फिल्टर बसवला तर, मोटरची केबल शील्डेड असली तर, तिची लांबी अमुक मीटरपर्यंत असली तर आणि स्विचिंगची वारंवारता अमुक किलोहर्ट्झवर ठेवली तर. साधी चार कोअरची केबल वापरून पंप पंधरा मीटरवर बसवला, तर ड्राइव्हच्या सीईचा आधार तिथेच संपतो. सी३ म्हणजे औद्योगिक जागा. निवासी वीजजाळ्यावर तो ड्राइव्ह बसवायचा नसतो.

म्हणून ग्राहकाला आधी विचारायचं ते हे: पॅनेल बसणार कुठे? मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रात, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या कारखान्यात, की हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत? औद्योगिक वातावरणासाठी उत्सर्जनाचं सर्वसाधारण मानक ईएन ६१०००-६-४ आणि प्रतिरोधाचं ६१०००-६-२. निवासी वातावरणासाठी उत्सर्जनाचं ६१०००-६-३ आणि प्रतिरोधाचं ६१०००-६-१. दोन्हींतला फरक मोठा आहे. केबलमधून बाहेर जाणाऱ्या गोंगाटाची क्वासी-पीक (मोजणीची एक ठरलेली पद्धत) मर्यादा ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात औद्योगिकला ७३ डीबी मायक्रोव्होल्ट आहे, निवासीला ५६. हा १७ डेसिबलचा फरक व्होल्टेजमध्ये सातपट होतो. औद्योगिकसाठी पुरलेला फिल्टर निवासीला पुरेलच असं नाही. निवासी जागेत पालनाची खात्री नसेल, तर तसं निर्बंधाचं स्पष्ट वाक्य उत्पादनासोबत द्यावं लागतं, गरज असेल तिथे खोक्यावरसुद्धा. हे वाक्य टाकायला लाजू नका. ते नसणं हीच त्रुटी धरली जाते.

सार्वजनिक वीजजाळ्यावर पॅनेल लागणार असेल, तर हार्मोनिक्सचा, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतल्या वारंवारतांच्या प्रवाहांचा, एक सापळा आहे. ईएन ६१०००-३-२ हे मानक प्रति फेज १६ ॲम्पिअरपर्यंतच्या उपकरणांना लागतं. त्यातल्या ए वर्गाची तिसऱ्या हार्मोनिकची मर्यादा २.३ ॲम्पिअर, पाचव्याची १.१४, सातव्याची ०.७७. सिंगल फेज ड्राइव्हच्या तोंडाशी डायोड ब्रिज आणि मोठा कपॅसिटर असतो. तो प्रवाह अखंड न घेता व्होल्टेजच्या माथ्याजवळ झटक्याझटक्याने ओढतो. ०.७५ किलोवॅटला चोक (हे झटके सौम्य करणारी कॉइल) न बसवता तिसऱ्या हार्मोनिकला अडकायची शक्यता बरीच आहे. एक किलोवॅटपेक्षा जास्त नाममात्र क्षमतेच्या व्यावसायिक उपकरणांना या मानकात मर्यादा दिलेल्या नाहीत. तुमचं पॅनेल नेमकं त्या रेषेजवळ आहे. म्हणून लेबलवरची क्षमता खरी आणि मोजलेली असू द्या. मर्यादा टाळण्यासाठी आकडा फुगवू नका. मोजणाऱ्याला तो लगेच दिसतो.

आता पॅनेलच्या आत जाऊ. ड्राइव्हच्या आतले आयजीबीटी (वेगाने स्विच होणारे ट्रान्झिस्टर) काही दशांश मायक्रोसेकंदांत तीनशेहून जास्त व्होल्ट चालू-बंद करतात. मोटरची केबल आणि मोटरचं वाइंडिंग यांची जमिनीशी थोडी कपॅसिटन्स असतेच. प्रत्येक झटक्याला त्या कपॅसिटन्समधून प्रवाह अर्थमध्ये जातो आणि त्याला परत ड्राइव्हच्या डीसी बसपर्यंत यायचंच असतं. तुम्ही त्याला जवळचा, रुंद रस्ता दिलात तर तो पॅनेलच्या आत फिरून परत येतो. नाही दिलात तर तो इमारतीच्या अर्थमधून, मेन्सच्या केबलमधून लांबचा फेरा मारतो आणि त्या फेऱ्याचंच मोजमाप लॅबमध्ये होतं. ईएमसीचं निम्मं काम म्हणजे या परतीच्या प्रवाहाला रस्ता करून देणं.

या वारंवारतांना तांब्याची तार ही तार राहत नाही. सरळ तारेचं इंडक्टन्स ढोबळमानाने दर सेंटिमीटरला दहा नॅनोहेन्री. दहा सेंटिमीटरची हिरवी-पिवळी अर्थ वायर म्हणजे १०० नॅनोहेन्री. ५० हर्ट्झला तिचा अडथळा शून्याजवळ असतो, ३० मेगाहर्ट्झला सुमारे १९ ओहम, १०० मेगाहर्ट्झला ६० च्या वर. मल्टिमीटरने ‘अर्थ उत्तम आहे’ दिसतं, पण गोंगाटाला तो रस्ता बंदच असतो. सुरक्षेसाठी ती वायर हवीच. ईएमसीसाठी त्याच्या जोडीला रुंद पृष्ठभागाचा धातू-धातू संपर्क हवा.

तुमच्या वायरमनला सगळ्यात आधी माउंटिंग प्लेट बदलायला सांगा. पावडर कोटिंगची प्लेट काढा, गॅल्व्हनाइज्ड घ्या. ते जमत नसेल तर ड्राइव्ह आणि फिल्टर जिथे टेकतात तिथला रंग पूर्ण खरवडून घ्या. रंगावर बसवलेला फिल्टर चार स्क्रूंच्या भरवशावर असतो आणि तिथे त्याची निम्मी ताकद वाया जाते. फिल्टर मेन्सची केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे, अगदी तोंडाशी ठेवा. त्याच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरी एकाच डक्टमधून कधीही नेऊ नका. आपल्याकडे पॅनेल सुबक दिसावं म्हणून सगळ्या वायरी एका डक्टमध्ये कोंबायची सवय आहे, आणि तिथे फिल्टरच्या अलीकडचा गोंगाट उडी मारून पलीकडे जातो. नवा, महाग फिल्टर बसवूनही आलेखात काही फरक पडत नाही तेव्हा मी सगळ्यात आधी डक्टचं झाकण उघडतो.

मोटरच्या केबलचं शील्ड दोन्ही टोकांना बांधा आणि पूर्ण परिघावर. म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिक सोलून वेणी उघडी करायची आणि ती धातूच्या क्लॅम्पने थेट प्लेटवर दाबायची किंवा ईएमसी ग्लँडमधून न्यायची. वेणी पिळून, तिची शेपटी करून, थिंबल लावून अर्थ बारवर नेणं ही सर्रास पद्धत आहे. ती शेपटी म्हणजे पुन्हा तीच दहा सेंटिमीटरची तार. शील्डचा पैसा खर्च झालेला असतो, उपयोग मात्र होत नाही.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर एसी असेल तर आरसी स्नबर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) आणि डीसी असेल तर डायोड, थेट कॉइलच्या टोकांवर लावा. हा अगदी स्वस्त उपाय आहे. तुमच्या पॅनेलमधला कार्डचा सगळ्यात जवळचा शत्रू हा कॉन्टॅक्टरच आहे.

कार्डावर जे हल्ले लॅबमध्ये होतात त्यांतला बर्स्ट मला सगळ्यात जास्त कमकुवतपणा उघडा करणारा वाटतो. ईएन ६१०००-४-४ प्रमाणे पाच नॅनोसेकंदांत चढणाऱ्या पल्सचे झुबके, औद्योगिक मानकात मेन्सवर २ किलोव्होल्ट, सिग्नल केबलवर १ किलोव्होल्ट. इतक्या वेगाच्या चढणीची ऊर्जा साठ मेगाहर्ट्झच्या पुढेपर्यंत पसरते. कार्डाच्या रीसेट पिनवर कपॅसिटर नाही, आरएस-४८५ या डेटा-जोडणीच्या तोंडाशी संरक्षण नाही आणि खाली सलग ग्राउंड प्लेन नाही, अशा कार्डाचा डिस्प्ले पहिल्याच झुबक्याला गोठतो. दोन थरांच्या स्वस्त पीसीबीवरून चार थरांच्या पीसीबीवर या. आतला एक थर पूर्ण ग्राउंडचा ठेवा, त्यात कुठेही चर पाडू नका. बाहेर जाणारी प्रत्येक वायर कार्डाच्या एकाच कडेला आणा. म्हणजे वायरीतून आलेला झटका त्या कडेलाच अर्थवर उतरतो, मायक्रोकंट्रोलरच्या खालून आरपार जात नाही. चाचण्यांत अडकलेल्या कार्डांवर जितक्या तऱ्हेचे फेराइट मणी (गोंगाट शोषणारे चुंबकीय मणी) चिकटवले जातात, त्यांतले बरेचसे या एका बदलाने अनावश्यक होतात.

स्थिर विजेची चाचणी दरवाजावरच्या कीपॅडवर होते: स्पर्शाने ४ किलोव्होल्ट, हवेतून ८. दरवाजाला बिजागरीतून अर्थ मिळतो असं धरू नका. रुंद, चपटी तांब्याची वेणी जोडा. दरवाजाच्या फटीचाही विचार करा. अर्धा मीटर लांबीची फट ३०० मेगाहर्ट्झच्या आसपास अँटेनासारखी वागते. संपूर्ण वाहक गास्केट महाग पडतं. तुमच्या पॅनेलला दर काही सेंटिमीटरवर संपर्कबिंदू दिले तरी बहुधा भागेल, पण ते मोजूनच ठरवा.

फिल्टर निवडताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. फिल्टरमधले वाय कपॅसिटर गोंगाट अर्थवर उतरवतात आणि त्याबरोबर थोडा गळती-प्रवाहही. युरोपात बऱ्याच सर्किटना ३० मिलिॲम्पिअरचं गळती-संरक्षण असतं. गोंगाट मारायच्या नादात मोठमोठे वाय कपॅसिटर लावले, तर पॅनेल लॅबमध्ये पास होईल आणि ग्राहकाकडे चालू करताच पुरवठा तुटेल. कमी गळतीचा फिल्टर आणि मोठा कॉमन मोड चोक हे महाग पण बरोबर उत्तर आहे.

लॅबकडे जायच्या आधी एक कागद तयार करा, जो बहुतेक जण करत नाहीत. प्रतिरोधाच्या चाचणीत ‘पास’ म्हणजे काय, हे उत्पादकानेच लिहून द्यायचं असतं. मानकात तीन पातळ्या आहेत. ए म्हणजे चाचणी चालू असताना आणि नंतरही काम ठरल्याप्रमाणे चालू राहिलं पाहिजे. बी म्हणजे चाचणीदरम्यान थोडा बिघाड चालेल, पण उपकरण आपोआप सावरलं पाहिजे आणि त्याची कामाची स्थिती किंवा साठवलेली माहिती बदलता कामा नये. सी म्हणजे बंद पडलं तरी चालेल, हाताने पुन्हा चालू करता आलं पाहिजे. तुमच्या बाबतीत लिहा की डोसचा दर किती टक्क्यांपलीकडे बदलता कामा नये, रिले आपोआप चालू होता कामा नये आणि सेट केलेला आकडा पुसला जाता कामा नये. वीज पाच सेकंद गेली आणि आली तर पंप आपोआप सुरू व्हावा की थांबून राहावा, हेही ठरवा. हा प्रश्न मानकाहून मोठा आहे, कारण पलीकडे कुणीतरी ते पाणी पिणार आहे.

पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात लॅबची अडचण नाही. पुण्यात एआरएआय आहे, मुंबईत केंद्र सरकारच्या एसटीक्यूसीची ईआरटीएल पश्चिम आहे, नवी मुंबईत खारघरला समीर आहे आणि खासगी लॅबही आहेत. लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यता आहे का एवढंच विचारून थांबू नका. त्या मान्यतेच्या व्याप्तीत तुम्हाला हवं ते मानक, हव्या त्या आवृत्तीसह आहे का, ते पाहा. मॉड्यूल ए साठी मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट हवा असं निर्देश म्हणत नाही, पण जर्मन ग्राहक अशा रिपोर्टवर विश्वास ठेवतो आणि तो योग्यच आहे. पूर्ण चाचणीआधी काही तासांची प्राथमिक तपासणी घ्या. तिथे सापडलेला दोष त्याच दुपारी दुरुस्त होतो. जाताना फेराइट, तांब्याची पट्टी, दोन वेगळे फिल्टर, स्नबर, खरवडणी आणि कार्ड बनवणारा इंजिनिअर सोबत न्या. चेंबरचं भाडं तासावर असतं.

रिपोर्टमध्ये पॅनेलचे आतले-बाहेरचे फोटो, केबलची लांबी, ड्राइव्हची स्विचिंग वारंवारता, फर्मवेअरची आवृत्ती आणि लावलेला प्रत्येक फेराइट आला पाहिजे. मानकाच्या आवृत्तीबाबतही सावध राहा. सुसंवादी (हार्मोनाइज्ड) मानक पाळलं तर निर्देशाचं पालन गृहीत धरलं जातं, पण त्यासाठी त्या आवृत्तीचा संदर्भ युरोपीय संघाच्या अधिकृत राजपत्रात प्रसिद्ध झालेला असावा लागतो. बाजारात मिळणारी सगळ्यात नवी आवृत्ती आणि राजपत्रातली आवृत्ती नेहमी एकच असते असं नाही.

सीई एकच असला तरी त्याखाली तुम्हाला लागू होणारे सगळे निर्देश येतात. ५० ते १००० व्होल्ट एसी म्हणून लो व्होल्टेज निर्देश २०१४/३५/ईयू लागतो, आणि घातक पदार्थांचा २०११/६५/ईयू. नुसतं पॅनेल न पाठवता पंप आणि मोटरसह पूर्ण स्किड (एकाच चौकटीवर जोडलेला संच) पाठवलात, तर ते यंत्र ठरतं. मग यंत्रांचा निर्देश २००६/४२/ईसी येतो आणि २० जानेवारी २०२७ पासून त्याच्या जागी नियमन २०२३/१२३०. विद्युत सुरक्षा तेव्हा यंत्रांच्या कायद्याखालीच पाहिली जाते, ईएमसी मात्र वेगळी राहते. आणि कार्डावर वाय-फाय, ब्लूटूथ किंवा सिमचं मॉड्यूल लावायचा विचार असेल, तर ते आत्ताच ठरवा. तसं केलंत की पॅनेल रेडिओ उपकरण होतं आणि ईएमसी व लो व्होल्टेज या दोन्हींच्या जागी रेडिओ निर्देश २०१४/५३/ईयू लागतो. त्यात ईएमसी आणि सुरक्षेच्या अपेक्षा आहेतच. शिवाय इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या रेडिओ उपकरणांना १ ऑगस्ट २०२५ पासून सायबर सुरक्षेच्या अपेक्षाही आल्या आहेत. मोबाइलवर रीडिंग दिसावं एवढ्यासाठी हे सगळं अंगावर घ्यायचं का, याचा हिशेब आधी मांडा.

लेबलवर तुमच्या कंपनीचं नाव, टपालाचा पत्ता, मॉडेल आणि अनुक्रमांक हवा. आयातदाराचं नाव-पत्ताही हवा. सीईची उंची किमान ५ मिलिमीटर, अक्षरं अधिकृत नमुन्याच्या प्रमाणातच. कॉम्प्युटरवरच्या कुठल्याही फाँटमध्ये टाइप केलेला सीई चालत नाही. अक्षरं जवळजवळ असली की तो चीनचा निर्यात-मार्क, ही गोष्ट खूप फिरते. असा कुठलाही मार्क अस्तित्वात नाही. तो चुकीचा काढलेला सीई असतो.

घोषणापत्रात उत्पादनाची ओळख, तुमचं नाव-पत्ता, लागू निर्देश, वापरलेली मानकं त्यांच्या वर्षांसह, ठिकाण, तारीख आणि सही करणाऱ्याचं नाव व हुद्दा लिहायचा. ते जर्मनीत मान्य असलेल्या भाषेत द्यायचं आणि वापराच्या सूचना जर्मनमध्ये. फाइल आणि घोषणापत्र बाजारात माल आल्यापासून दहा वर्षं जपून ठेवायचं. जर्मनीत ईएमसीची बाजार-देखरेख बुंडेसनेट्झआगेंटुर ही संस्था करते आणि ती फाइल मागू शकते. १६ जुलै २०२१ पासून नियमन २०१९/१०२० प्रमाणे अशा मालासाठी युरोपीय संघात जबाबदार व्यक्ती किंवा संस्था असावी लागते. आयातदार ती भूमिका पार पाडू शकतो. तुमचा ग्राहक पॅनेलवर स्वतःचा ब्रँड लावून विकणार असेल, तर कायद्याने उत्पादक तोच ठरतो आणि घोषणापत्रावर सही त्याची लागते. हे करारात आधीच लिहून घ्या, नाहीतर माल बंदरावर आल्यावर वाद होतो.

मालिका सुरू झाल्यावरचा धोका खरेदी विभागातून येतो. त्याच आकाराचा, त्याच रेटिंगचा एसएमपीएस दुसऱ्या कंपनीचा थोडा स्वस्त मिळतो आणि कुणी विचारत नाही. एसएमपीएस, ड्राइव्ह, फिल्टर, मोटर केबल, कार्डावरचा मायक्रोकंट्रोलर आणि क्रिस्टल या भागांची यादी करा. त्यातला एकही भाग तुमच्या लेखी परवानगीशिवाय बदलायचा नाही, असा नियम लावा. बदल झालाच तर किमान केबलवरच्या गोंगाटाची पुन्हा मोजणी करा आणि निकाल फाइलला लावा. पीसीबीची नवी आवृत्ती आली तर बर्स्ट आणि स्थिर विजेची चाचणीही पुन्हा घ्या.

ग्राहकाला या आठवड्यात एक मेल पाठवा. त्यात विचारा: पॅनेल औद्योगिक जागेत बसणार की व्यापारी-निवासी, पुरवठा सार्वजनिक जाळ्याचा की स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरचा, मोटरची केबल जास्तीत जास्त किती मीटर, आयातदार म्हणून नाव कुणाचं, ब्रँड कुणाचा. या पाच उत्तरांवर मानकं, फिल्टर आणि लेबल ठरतात. तोपर्यंत माउंटिंग प्लेट, शील्डचे क्लॅम्प आणि कॉइलवरचे स्नबर यांचं काम सुरू करा. उत्तर काहीही आलं तरी ते लागणारच आहेत. उत्तरं आली की ड्राइव्हच्या मॅन्युअलमधलं ईएमसीचं पान आणि कार्डाचा ले-आउट पाठवा. फिल्टर कोणता घ्यायचा ते त्यावरून सांगता येईल.